१० मीटर एअर रायफल: वजन कमी करायचं आहे, पण नळी स्थिर राहायला हवी

करवीर_१०मी यांचा प्रश्न

मुलगी १४ वर्षांची, उंची १५४ सें.मी., वजन ४३ किलो, उजव्या हाताने नेम धरते. तिच्यासाठी वापरलेली मॅच रायफल घेतली आहे. कॉम्प्रेस्ड एअरची, अ‍ॅल्युमिनियम स्टॉकची. साईट, भरलेला सिलिंडर आणि सगळी जोडणी धरून काट्यावर ५.१० किलो भरते. आधीच्या मालकाने नळीच्या पुढच्या भागावर १५०-१५० ग्रॅमची दोन वजनं आणि बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) दांडीवर मागे २०० ग्रॅमचं एक वजन लावलेलं आहे. सिलिंडर स्टीलचा आहे. हाताखाली लावायचा उंचीचा ठोकळाही स्टीलचाच आहे.

अडचण अशी. पहिले वीस-पंचवीस शॉट १०.२ ते १०.५ गुणांमध्ये बसतात. चाळीसच्या पुढे सहा वाजताच्या दिशेला घसरून ९.४, ९.६ येऊ लागतात. रायफल उचलून आठ-दहा सेकंद झाले की नळी खाली ओढते. पुढची दोन्ही वजनं काढली तर हाताला हलकी लागते, पण नळी डावी-उजवी भिरभिरते आणि शॉट तीन-नऊच्या रेषेत पसरतात.

हलकी हवी आणि स्थिरही हवी, हे एकत्र जमतं का? तोलबिंदू नेमका कुठे असावा? सुरुवात कुठून करू? आणि वजनं बाहेरून न मागवता इथेच करून घेता येतात का?

स्थिरहात यांचं उत्तर

करवीर दादा, जमतं. पण पाना हातात घेण्याआधी शॉट खाली का जातात याची खात्री करा. दमल्यामुळे खाली जाणं वेगळं आणि हवेमुळे खाली जाणं वेगळं.

०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटर प्रति सेकंदाने निघाला तर १० मीटरला पोचेपर्यंत तो सुमारे १७ मि.मी. खाली येतो. वेग १६० झाला तर हेच १९ मि.मी.च्या वर जातं. म्हणजे फक्त हवेमुळे शॉट दोन मि.मी. खाली, आणि आपल्या टार्गेटवर एक वलय अडीच मि.मी.चं. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरला (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला) लागणाऱ्या दाबाच्या खाली गेला की हे होतं. म्हणून रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून सत्राच्या सुरुवातीला पाच शॉट घ्या आणि साठ शॉट झाल्यावर, सिलिंडर न भरता, पुन्हा पाच. दोन्ही गट एकाच जागी पडले तर हवा ठीक आहे, दोष पोझिशनचा आणि तोलाचा. दुसरा गट खाली पडला तर आधी सिलिंडर, गेज आणि रेग्युलेटर बघा. वजनं कितीही हलवली तरी उपयोग नाही. वापरलेला सिलिंडर आहे म्हणून त्यावरची तारीखही वाचा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर भरू नये.

आता तोल. अंदाजाने बोलू नका, मोजा. रायफल रिकामी, नळीत सेफ्टी फ्लॅग, सिलिंडर भरलेला, साईट लावलेली, म्हणजे जशी उभी राहून धरते तशीच. स्वयंपाकघरातले पाच किलोपर्यंतचे दोन डिजिटल काटे घ्या. ट्रिगरपासून ३० सें.मी. मागे एक टेकू आणि ३० सें.मी. पुढे दुसरा टेकू, प्रत्येक टेकू एकेका काट्यावर. पेन्सिल किंवा लाकडाची गोल काडी टेकू म्हणून चालते. टेकण्याची जागा बारीक हवी, रुंद ठोकळ्यावर माप चुकतं. रायफल आडवी समतल असू द्या. मग:

पुढच्या काट्याचा आकडा ÷ एकूण वजन × ६० = मागच्या टेकूपासून तोलबिंदूचं अंतर.

त्यातून ३० वजा केले की ट्रिगरपासूनचं अंतर मिळतं. दोरीच्या फासात रायफल लटकवून तोलबिंदू सापडतो हे खरं, पण काट्यांच्या रीतीत मिलिमीटरपर्यंत फरक कळतो आणि प्रत्येक बदलाचा हिशोब कागदावर आधीच करता येतो.

दुसरं माप मुलीचं. जॅकेट, बूट, हातमोजा घालून ती नेहमीसारखी उभी राहू दे. डाव्या हाताचा जो भाग भार घेतो, त्याच्या मध्यावर फोर-एंडला (स्टॉकच्या पुढच्या भागाला) कागदी टेप लावून खूण करा. ट्रिगरपासून ते अंतर किती?

हे दोन आकडे इथे लिहा, पुढचं सांगणं सोपं होईल.

उभ्या पोझिशनमध्ये तोलबिंदू हाताच्या थोडा पुढे हवा, का ते समजून घ्या. तोलबिंदू हाताच्या पुढे असला की नळी खाली आणि बट वर जायला बघते. डोकं चीक पीसवर (गाल टेकवायच्या भागावर) टेकतं तेव्हा डोक्याचा थोडा भार बटच्या बाजूला खाली पडतो. हे दोन्ही एकमेकांना फेडतात तेव्हा रायफल हातात जणू मांडून ठेवल्यासारखी राहते. तोलबिंदू फार पुढे गेला तर उरलेला भार उजव्या खांद्याने आणि उजव्या हाताने बट खाली दाबून पेलावा लागतो. ते स्नायू दमले की नळी खाली येते. तुमच्याकडे हेच होत असावं. उलट तोलबिंदू हाताच्या मागे गेला तर नळी हलकी पडून वर तरंगते आणि ट्रिगर दाबताना उचलते.

करवीर_१०मी

पिशवीवरचे दोन्ही गट एकाच जागी आले, त्यामुळे हवा ठीक आहे असं धरतो. पुढचा काटा ४.१२ किलो, मागचा ०.९८. म्हणजे तोलबिंदू ट्रिगरपुढे १८.५ सें.मी. हाताची खूण १४ सें.मी.वर. पुढची वजनं ट्रिगरपासून ५८ सें.मी.वर आहेत, मागचं वजन ट्रिगरच्या मागे २८ वर.

क्लबमधल्या एका मुलाचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर याच रायफलला बसतो. तो आमच्यापेक्षा १६० ग्रॅमने हलका भरला. हाताखालच्या स्टीलच्या ठोकळ्याऐवजी प्लास्टिकचा लावला तर १२० ग्रॅम वाचतात.

स्थिरहात

उत्तम मोजलंत. तोलबिंदू हाताच्या साडेचार सें.मी. पुढे आहे. ५.१ किलो × ४.५ म्हणजे २३ किलो-सें.मी.चा ओढा. बट हातापासून ४५ सें.मी. मागे धरली तर खांद्यापाशी अर्धा किलो भार सतत खाली दाबून धरावा लागतोय. साठ शॉट आणि त्याआधीचे सायटर (गुण न धरले जाणारे, साईट जुळवायचे) शॉट, एवढा वेळ ४३ किलोच्या मुलीने तो धरायचा. सहा वाजताचे शॉट त्यातूनच येतात.

आता दोन्ही पुढची वजनं काढल्यावर भिरभिर का झाली ते. डोंबारी दोरीवर चालताना हातात लांब काठी घेतो. काठी जड असते म्हणून तो सावरतो असं नाही, तिची टोकं लांब असतात म्हणून ती झटकन फिरत नाही. रायफलचंही तसंच. वजनाचा ओढा अंतराच्या पटीत वाढतो, पण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हातापासून ३० सें.मी.वर २०० ग्रॅम आणि ६० सें.मी.वर १०० ग्रॅम, दोन्हींचा ओढा सारखाच. पण दुसऱ्यात वजन निम्मं आणि स्थिरता दुप्पट. म्हणून नियम एकच: वजन घटवायचं ते मधून, टोकांवरचं राखायचं. तुम्ही उलट केलंत, टोकाचं काढलंत आणि मधलं स्टील तसंच ठेवलंत.

तुमच्या आकड्यांवर हिशोब मांडतो. ट्रिगरभोवतीचा गुणाकार सध्या ५.१० × १८.५, म्हणजे ९४.

पुढची ३०० ग्रॅम काढली: ४.८० किलो, तोलबिंदू १६.० वर.
हाताखालचा ठोकळा बदलला (ट्रिगरपुढे १५ सें.मी. धरला): ४.६८ किलो, तोलबिंदू जागेवरच. हाताजवळचं वजन काढलं तर तोल हलत नाही, रायफल फुकटात हलकी होते. सगळ्यात आधी तिथेच बघावं.
सिलिंडर बदलला (मध्य ३० सें.मी.वर धरला): ४.५२ किलो, तोलबिंदू १५.५.
१२० ग्रॅमचं एकच वजन, पण ५८ ऐवजी ६२ सें.मी.वर लावलं: ४.६४ किलो, तोलबिंदू १६.७.

मागचे २०० ग्रॅम जिथे आहेत तिथेच राहू द्या. बहुतेक जण रायफल हलकी करायची म्हटलं की पहिलं तेच काढतात. त्याने तोल आणखी पुढे पळतो आणि काठीचं मागचं टोकही जातं.

हाताची जागा १४.५ वर आणली की तोलबिंदू हाताच्या सव्वादोन सें.मी. पुढे. ओढा २३ वरून १० किलो-सें.मी.वर आला, खांद्यापाशी अर्ध्या किलोच्या जागी सव्वादोनशे ग्रॅम. तेवढं डोक्याचा भार बराचसा फेडतो. पुढच्या-मागच्या वजनांचा फिरण्याला होणारा विरोध पूर्वीच्या दोन तृतीयांश शिल्लक राहतो. दोन्ही पुढची वजनं नुसती काढल्यावर तो चाळीस टक्क्यांच्याही खाली गेला होता. आणि रायफल ४६० ग्रॅमने हलकी.

अंतरं बदलली तर हिशोब पुन्हा करा. सूत्र साधं आहे: लावलेलं वजन × तोलबिंदूपासूनचं त्याचं अंतर ÷ नवं एकूण वजन, तेवढा तोलबिंदू सरकतो. साडेचार किलोच्या रायफलला टोकाशी ५० ग्रॅम लावले तर जेमतेम अर्धा सें.मी. म्हणून १०-२० ग्रॅमच्या खेळात दिवस घालवू नका.

लेथ_सांगली यांचं उत्तर

वजनं इथेच होतात. पण लगेच लेथवर जाऊ नका. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची चिकट वजनं मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या पट्ट्या. नळीवरच्या बाहेरच्या आवरणाला आधी कागदी टेपचे दोन वेढे द्या, त्यावर ती चिकटवा, वरून पुन्हा टेप. रंग खराब होत नाही. दोन आठवडे असाच सराव करा. जागा आणि ग्रॅम पक्के झाले की मग कायमचं वजन.

पितळ घ्या. घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅम, गंज नाही, लेथवर सुबक निघतं. २० मि.मी. व्यासाचा ४० मि.मी. लांबीचा पितळी गोल साधारण १०७ ग्रॅमचा. तोच स्टीलचा ९९, अ‍ॅल्युमिनियमचा ३४. १२० ग्रॅम हवे असतील तर पितळ ४५ मि.मी. लांब. आटे पाडताना भोकाची धातू जाते, म्हणून लांबी दोन मि.मी. जास्त ठेवून शेवटी काट्यावर बघत घासून उतरवा. एक मोठा तुकडा करण्यापेक्षा ३०-३० ग्रॅमच्या चार चकत्या करून एका बोल्टवर ओवल्या तर पुढे बदल सोपा. शिसं वापरू नका. मऊ असतं, आटे धरत नाही, आणि मुलांच्या हाताला लागू नये.

क्लॅम्पबाबत जास्त सांगतो, कारण बिघाड इथेच होतो. क्लॅम्पचा आतला व्यास बाहेरच्या आवरणापेक्षा ०.२ ते ०.३ मि.मी. मोठा ठेवा आणि मध्ये पातळ चामडं किंवा रबराची पट्टी घाला. स्क्रू एवढाच आवळा की वजन हाताने फिरत नाही. जास्त आवळलं तर आवरण दबून नळीवर ताण येतो आणि शॉटची जागा सरकते; सैल राहिलं तर प्रत्येक शॉटला वजन हलतं आणि गट फाकतो. दोन्ही दोष दिसायला सारखेच, माणूस साईटचे क्लिक फिरवत बसतो. स्क्रूच्या डोक्यापासून क्लॅम्पपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. वजन हलवल्यावर पिशवीवरून साईट पुन्हा जुळवायचीच.

आणखी एक. वजन नळीच्या खाली लटकवायचं की दोन्ही बाजूंना वाटून, याने फरक पडतो. खाली लावलं तर रायफल कलंडायला कमी बघते. एकाच बाजूला लावलं तर ती सतत त्या बाजूला वळते आणि मनगट नकळत ते सावरत राहतं.

पोझिशन_आधी यांचं उत्तर

वरचा हिशोब बरोबर आहे, पण क्रमाबद्दल माझं म्हणणं ठाम आहे: वजनं सगळ्यात शेवटी. बट प्लेट किंवा चीक पीस हलली की हाताची जागा बदलते, आणि हाताची जागा एक सें.मी. सरकली की वर जो सव्वादोन सें.मी.चा तोल काढला तो निम्मा बिघडतो.

आधी लांबी. रायफल आधीच्या मोठ्या माणसाच्या मापावर असणार. कोपर ९० अंशात वाकवून बट कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. हे फक्त सुरुवातीचं माप आहे, जॅकेट घातल्यावर ते एक-दीड सें.मी. बदलतं. लांबी जास्त राहिली की मूल उजवा खांदा मागे ओढतं, कंबर वाकते, आणि तोल कितीही साधला तरी पाठ दुखू लागते.

मग बट प्लेटची उंची. मान सरळ, डोकं ताठ, आणि साईट डोळ्यासमोर आली पाहिजे. डोळा साईटकडे न्यायचा नाही. डोकं पुढे झुकत असेल तर बट प्लेट खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येईल. त्यानंतर चीक पीस: डोळे मिटून गाल टेकवा, उघडा, डायॉप्टरच्या (मागच्या साईटच्या) भोकाच्या मधोमध पुढची रिंग दिसली पाहिजे. दिसत नसेल तर चीक पीस हलवा, मान नाही. चीक पीस उंच असेल तर मूल गाल दाबून खाली आणतं. डोक्याचा भार मग दर शॉटला वेगळा पडतो आणि वर सांगितलेली फेडाफेड बिघडते.

मग डावा हात. कोपर कमरेच्या हाडावर टेकतंय का? १५४ सें.मी. उंचीच्या मुलीचा दंड आणि कंबर यांच्या प्रमाणावर हाताखालचा ठोकळा किती उंच हवा ते ठरतं. कोपर हवेत असेल तर भार हाडांवर न जाता दंडाच्या स्नायूवर जातो आणि कितीही हलकी रायफल वीस शॉटमध्ये जड होते. प्लास्टिकचा ठोकळा लावताना उंची जुन्याइतकीच आहे का ते नीट बघा.

पाय शेवटी तपासा: नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास, डोळे उघडायचे. नळी टार्गेटच्या डाव्या-उजव्या बाजूला गेली असेल तर मागचं पाऊल थोडं सरकवायचं, हाताने ओढून आणायचं नाही. तीन-नऊच्या रेषेतले शॉट पुष्कळदा इथले असतात, वजनाचे नसतात. करवीर दादा, म्हणून वजन बदलण्याआधी हे एकदा करून बघाच.

कलंडण्याबद्दल लेथ_सांगली यांनी लिहिलं त्यात आकडा घालतो. रायफल एक अंश कलली की शॉट बाजूला साधारण ०.३ मि.मी. जातो. टार्गेटवर ०.२५ मि.मी. म्हणजे ०.१ गुण. मुलीने दर वेळी तीन अंश कलवून धरली तरी हरकत नाही, साईट त्यावर जुळवता येते. एकदा दोन आणि एकदा पाच अंश, हे नको. पुढच्या रिंगमध्ये आडव्या रेघा असतील तर त्या बघायची सवय लावा.

नियमांचंही ध्यानात असू द्या. १० मीटर एअर रायफलला वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो, आणि सिस्टीमच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंत ८५० मि.मी. टोकाशी वजन लावताना ही लांबी ओलांडू नका. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकल्यापासून कोल्हापूरकडची बरीच मुलं त्यांच्या रायफलचे फोटो बघून तशी मांडणी करायला जातात. ती ५० मीटर थ्री-पोझिशनची .२२ रायफल आहे. गुडघ्यावर आणि झोपूनही धरायची असते, पुरुषांना ८ किलोपर्यंत चालते. १० मीटरला तिचा नमुना लागू नाही.

करवीर_१०मी

बट प्लेट खाली घेतली, लांबी दीड सें.मी. कमी केली. हाताची खूण आता १३.५ वर आली. म्हणजे तोलबिंदू १६.७ वर ठेवला तर ३.२ सें.मी. पुढे पडेल, बरोबर? आणि कसोटी कशी घ्यायची?

स्थिरहात

बरोबर. मग १२० ऐवजी ६० ग्रॅमच लावा. ४.५८ किलो, तोलबिंदू १६.१, हाताच्या २.६ पुढे. एवढ्यावर सुरू करा. बट प्लेट आणि चीक पीस सरकवल्यावर काट्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण मागची लांबी कमी झाल्याने तोल किंचित पुढे गेलेला असणार.

कसोटी: ड्राय फायर, रायफल रिकामी. उचलून नेम स्थिर झाल्यापासून वीस सेकंद धरायची, ट्रिगर नाही. पहिल्या आठ सेकंदांत नळी कुठे आणि शेवटच्या पाचात कुठे, मुलीने स्वतः सांगायचं. असं दहा वेळा. शेवटी सारखी खाली जात असेल तर पुढचे ३० ग्रॅम काढा. वर तरंगत असेल किंवा ट्रिगर दाबताना उचलत असेल तर ३० वाढवा. बाजूला भिरभिरत असेल आणि पाय तपासून झाले असतील, तर पुढे आणि मागे दोन्हीकडे सारख्या ओढ्याचं वजन वाढवा, एकाच टोकाला नाही. एका वेळी एकच बदल, आणि तो किमान चार सत्रं तसाच.

मग साठ शॉटची पूर्ण मालिका ७५ मिनिटांत, आणि दहा-दहाच्या सहा गटांचा मध्य कागदावर मांडा. पाचवा-सहावा गट पहिल्यापेक्षा एक मि.मी.हून खाली नसेल तर वजन तिला पेलतंय. खाली असेल तर आणखी हलकी करा, पुन्हा मधूनच. या वयात उंची भराभर वाढते, म्हणून दर तीन महिन्यांनी लांबी, हाताची खूण आणि तोलबिंदू हे तीन आकडे वहीत तारखेसह लिहा.

लेथ_सांगली

६० ग्रॅम म्हणजे माझ्या चार चकत्यांपैकी दोन. बोल्ट मात्र चार मावतील एवढा लांब घ्या, आणि बोल्टचं स्वतःचं वजन त्या साठात धरा.